धोक्याचा इशारा निर्णय घेणाऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा

मोठ्या अभियांत्रिकी अपघातांचे चौकशी अहवाल वाचताना एक गोष्ट वारंवार आढळते: धोका कुणाला तरी ठाऊक होता, बहुधा त्याने तो बोलूनही दाखवला होता, पण काम थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्या कानावर तो गेलाच नाही. म्हणून इशारा लिहिताना पहिल्याच वाक्यात कोणते काम, कोणत्या परिस्थितीत आणि कधीपर्यंत थांबवायचे हे लिहावे. कारणे त्यानंतर द्यावीत. 'काही बाबी चिंताजनक वाटतात' असे वाक्य वाचून कोणीही काम थांबवत नाही.

अर्थात स्पष्ट लिहिणे पुरेसे नसते. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी चॅलेंजर अवकाशयानाचे घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत मांडले की, 53 अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात उड्डाण करू नये. कारण थंडीत सांध्यातील रबरी ओ-रिंग कडक होते आणि फट वेळेत बुजवत नाही. नासाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेताच कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस फिरवली, आणि उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना असा वाद झाल्याचेच कळले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यामुळे इशाऱ्याची प्रत अंतिम निर्णय घेणाऱ्याच्या नावाने पाठवावी आणि मतभेद झाला असल्यास तो मिटला तरी इतिवृत्तात नोंदवावा. आकडेवारीही पूर्ण द्यावी. त्या रात्री ओ-रिंगला इजा झालेल्या उड्डाणांच्याच तापमानांवर चर्चा झाली. निर्दोष उड्डाणेही शेजारी मांडली असती, तर थंडीशी असलेला संबंध सहज दिसला असता.

आराखड्यातील बदल हा माझ्या मते याहून फसवा प्रकार आहे, कारण त्यात कुणालाच धोका जाणवत नाही. कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलातील दोन टांगते पूल वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या अखंड सळ्यांवर तोलायचे होते. बनवायला सोपे जावे म्हणून प्रत्येक सळीऐवजी दोन वेगळ्या सळ्या वापरण्याचे ठरले, आणि खालच्या पुलाचा भारही वरच्या पुलाच्या तुळईवर येऊन तिथल्या नटावरचा भार दुप्पट झाला. बदललेल्या जोडणीची आकडेमोड पुन्हा कुणीच केली नाही, तरी रेखाचित्रे मंजूर झाली. 17 जुलै 1981 रोजी पूल कोसळून 114 जण दगावले. म्हणून फोनवर ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लेखी कळवावा, नवी आकडेमोड कोण करणार त्याचे नाव लिहावे, आणि ती हाती आल्याशिवाय सही करू नये.

पाळी बदलताना अर्धवट कामाची माहिती यंत्राजवळ उभे राहून द्यावी आणि घेणाऱ्याकडून ती त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. 6 जुलै 1988 च्या रात्री पायपर अल्फा या समुद्रातील तेलमंचावर बंद असलेला पंप सुरू करण्यात आला, तेव्हा त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे हे रात्रपाळीला माहीत नव्हते. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे वर्क परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, वेगवेगळे होते आणि एकात दुसऱ्याचा उल्लेख नव्हता. व्हॉल्व्हच्या जागेतून इंधन गळून स्फोट झाला आणि त्या दुर्घटनेत 167 जण मरण पावले. एकाच यंत्राच्या सर्व परमिटांवर एकमेकांचे क्रमांक लिहिणे हे अगदी किरकोळ काम आहे.

बैठकीत वरिष्ठांनी आपले मत शेवटी सांगावे, आणि 'हे असुरक्षित असल्याचे सिद्ध करा' असे न म्हणता 'हे सुरक्षित कशावरून?' असे विचारावे. इशाऱ्याला उत्तर देण्याची मुदत ठरवावी. मुदतीत उत्तर न आल्यास काम थांबलेलेच राहील, हा नियम काम सुरू होण्यापूर्वीच सर्वांच्या सह्यांनिशी ठरवून ठेवावा.