सेवेच्या करारावरची शिष्यवृत्ती : मुलाखतीला जाण्याआधी

नर्सिंग असो, एमबीबीएस असो की फिजिओथेरपी. फी संस्था भरणार आणि शिकून झाल्यावर तुम्ही ठरलेली वर्षं ते सांगतील तिथं काम करणार, अशा शिष्यवृत्तीची मुलाखत असेल तर सगळ्यात आधी करारनामा वाचा. फाइल नंतर लावा, इस्त्री नंतर करा. कुणी बंधपत्र म्हणतं, कुणी बॉण्ड म्हणतं. तो कागद मिळवा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मी वाचला नव्हता. बी.एस्सी. नर्सिंगसाठी एका संस्थेची मुलाखत होती. जिंतूरहून पहाटेची एसटी धरून मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, गेलो. माझी उत्तरं पाठ होती, गुण चांगले होते. पंधरा मिनिटांनी समितीतल्या बाईंनी दादांना आत बोलावलं. दादा आले, खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. बाईंनी विचारलं, "मुलगी मधेच सोडून गेली तर तुम्हाला किती भरावं लागेल, सांगितलंय का तिनं?" दादांनी माझ्याकडं बघितलं. जामीनदाराच्या रकान्यात त्यांची सही होती. आदल्या रात्री मीच बोट ठेवून "इथं करा" म्हणाले होते. आकडा मलाही माहीत नव्हता. बाई रागावल्या नाहीत, "कळवू" म्हणाल्या. परतीच्या गाडीत दादांनी एकदाच विचारलं, "किती होते गं पोरी?" माझं ते वर्ष गेलं, त्याहून हा प्रश्न मला जास्त लागला.

म्हणून पुन्हा सांगते, करार वाचा, आणि एकट्यानं वाचू नका. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचा. भाषा इंग्रजी असेल तर गावातल्या मास्तरांना नाहीतर ओळखीच्या वकिलांना गाठा. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर मूळ देणेकऱ्यावर जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदारावर येते. म्हणजे तुमच्या सहीइतकीच वडिलांची किंवा मामांची सही वजनदार. ज्यांच्या नावावर तीन एकर कोरडवाहू आहे त्यांना हे आधी कळायला नको? अठरा पूर्ण नसतील तर तुमची स्वतःची सही कायद्यानं बांधत नाही, सगळा भार पालकांच्या सहीवर येऊ शकतो. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांनी हे नीट बघा.

वाचताना हातात पेन्सिल घ्या. सेवेची वर्षं कधीपासून मोजणार, निकालापासून, कौन्सिलच्या (म्हणजे कामाचा परवाना देणाऱ्या मंडळाच्या) नोंदणीपासून की रुजू झाल्यापासून? नोंदणी लांबली तर ते महिने कुणाच्या खात्यात? त्या काळात पगार किती, राहायची सोय आहे का? एखाद्या वर्षी नापास झालं तर त्या वर्षाची फी कोण भरणार? बाळंतपणाची रजा सेवेत धरणार की तेवढी सेवा पुढं वाढणार? पुढं शिकायचं असेल तर करार थांबतो की मोडतो? मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार का? आणि मोडला तर रक्कम किती, व्याज लागतं का, झालेली सेवा त्यातून वजा होते का? ज्याचं उत्तर कागदात सापडत नाही तो प्रश्न वहीत लिहा आणि मुलाखतीत विचारा. विचारलं तर वाईट दिसेल अशी भीती मला होती. दुसऱ्या वर्षी वेगळ्या संस्थेत मी चार प्रश्न विचारले तेव्हा समितीतले सर खुर्चीत पुढं सरकून बसले आणि एकेकाचं उत्तर दिलं. करार वाचून आलेलं लेकरू टिकतं, हे त्यांना अनुभवानं माहीत असतं.

सही करू, पुढचं पुढं बघू, कोर्टात असले करार टिकत नाहीत, असं सांगणारा एक तरी भेटतोच. त्याचं ऐकू नका. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर डॉक्टरांवरची राज्य सरकारांची सक्तीच्या सेवेची बंधपत्रं वैध ठरवली आहेत. आपल्याकडं शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सेवा आहे, ती टाळणाऱ्यांना बरीच वर्षं 10 लाख रुपये भरावे लागत. खासगी संस्थेचा करार वेगळा असतो, पण सही ही सहीच.

करार वाचून झाला की जिथं काम करावं लागेल तसली एक जागा बघून या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोमवारी सकाळी जा, सिस्टरांना किंवा आशाताईंना विचारून ओपीडीबाहेरच्या बाकावर दोन तास बसा. सपाट भागात एक प्राथमिक केंद्र साधारण 30,000 लोकांसाठी आणि उपकेंद्र 5,000 लोकांसाठी असावं, असा निकष आहे. हे आकडे पाठ करून कुणी प्रभावित होत नाही. त्या बाकावर तुम्हाला काय दिसलं ते सांगितलं तर होतात. मला दिसलं होतं की रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यावर माणसं दोन-दोन महिने येत नाहीत, कारण यायचं तर त्या दिवसाचा रोज बुडतो. बीडकडच्या मुलींनी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं बघावं. दसऱ्यानंतर घरं बंद होतात आणि गर्भारपणातल्या तपासण्या तुटतात. कमी वयात गर्भाशय काढलेल्या कामगार बायका त्याच भागात आहेत, 2019 मध्ये राज्यभर त्याची चर्चा झाली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्या गल्लीतली गोष्ट तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगेल? "समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य मात्र वहीतून खोडून टाका, तिथं आलेला प्रत्येक जण तेच म्हणतो.

"खेड्यात राहून तुमचं शिक्षण कुजणार नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगितलं. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. रायगडमध्ये महाडजवळ सरकारी आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार उभा राहिला आणि जगभर वाचला गेला. मी हे मनापासून मानते म्हणून सांगितलं. तुमच्याकडं तुमचं उदाहरण असेल तर तेच द्या.

मुलींना लग्नाचं विचारतात. मुलांना विचारत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही, पण विचारतात म्हणून घरात आधी बोलून घ्या. स्थळ येईल तेव्हा सेवेच्या वर्षांचं पहिल्या बैठकीत सांगायचं, हे आई-वडिलांशी पक्कं करा आणि तेच समितीला सांगा. करार मोठ्यानं वाचलेला असला की हे बोलणंही त्याच रात्री होऊन जातं. म्हणून तर म्हणते, वाचा.

कागदपत्रं तुम्हाला माहीतच आहेत. उत्पन्नाचा दाखला सेतूत वेळेवर टाका, आधार आणि बोर्डाच्या सनदेवरचं नाव जुळतंय का बघा. प्रत्येकाच्या दोन प्रती, आणि कराराची एक स्वतःच्या वहीत. आदल्या दिवशी पोचता आलं तर पोचा, पहिल्या गाडीचा भरवसा धरू नका. डबा घ्या. आत मराठीत बोललं तरी चालतं, विचारून घ्या. येत नाही ते येत नाही म्हणा.

निवड झाली की स्टँपपेपरवरची प्रत येईल. आनंदात सही करू नका. आधी वाचलेली प्रत शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावा. माझ्या वेळी आकडा तोच होता, पण त्याच्यापुढं "व्याजासह" हा शब्द नवा होता. दादांनीच तो पकडला. मी कार्यालयात विचारलं, त्यांनी तो खोडला, बाजूला सही-शिक्का केला, आणि मग दादांनी जामीनदाराच्या रकान्यात सही केली.