परदेशात जेवायला बसताना या चुका टाळा (आणि झालीच चूक तर काय करायचं तेही बघा)

परदेशात कुणी घरी जेवायला बोलावलं की बहुतेक जण आदल्या रात्री नेटवर टेबल मॅनर्सची लिस्ट शोधून पाठ करतात आणि तरी गडबड होतेच. कारण गोंधळ नियम माहीत नसल्यामुळे कमी होतो आणि आपल्या स्वतःच्या चांगल्या सवयींमुळे जास्त. ज्या गोष्टीसाठी लहानपणापासून शाबासकी मिळाली तीच दुसऱ्याच्या टेबलावर उलटी पडते, आणि आपण बरोबरच वागतोय असं वाटत असल्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो संपवण्यावरून

प्लेट चकाचक करणं म्हणजे यजमानाचा मान, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये हे चालतंच, वाटीतला भाताचा शेवटचा दाणासुद्धा खाल्लेला तिथं आवडतो. पण चीनमध्ये जुन्या पद्धतीत यजमान मुद्दाम जास्तच मागवतो, आणि टेबलावरचं सगळं फस्त झालं तर त्याला वाटतं की आपणच कमी पडलो, मग तो अजून मागवतो, तुम्ही भिडेखातर तेही संपवता, तो परत मागवतो आणि पोट फुटायची वेळ येते. आता त्यातही बदल होतोय, २०१३ पासून तिथं प्लेट रिकामी करा अशी मोहीम निघाली आणि २०२१ मध्ये अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच आला, त्यामुळे उरलेलं पॅक करून नेणं आता अगदी नॉर्मल आहे. सोपा तोडगा असा की आपल्या वाटीत घेतलेलं संपवायचं, पण मधल्या सगळ्यांच्या डिशमधला शेवटचा तुकडा कुणी आग्रह केल्याशिवाय उचलायचा नाही.

अरब देशांतल्या कॉफीचं तर वेगळंच. बिनकानाच्या छोट्या कपात तळाशी थोडीशीच ओततात, आणि नवख्या माणसाला वाटतं काय हा कंजूषपणा! खरं तर थोडी ओतली म्हणजे निवांत बसा, परत परत भरून देतो, आणि काठोकाठ भरलेला कप हा 'प्या आणि निघा' असा इशारा मानतात. (या कॉफीला आदरातिथ्याचं प्रतीक म्हणून २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय, म्हणजे मामला किती सिरियस आहे बघा.) रिकामा कप नुसता पुढे केला की तो भरला जाणार. नको असेल तर कप हातातच दोन-तीनदा हलकेच हलवायचा आणि मग परत द्यायचा. तोंडाने कितीही नको नको म्हणा, कप हलवला नाही तर किटली येतच राहते.

'नको' म्हणायची पण पद्धत असते

इराणमध्ये पहिलं 'नको' कुणी मोजतच नाही. यजमान आग्रह करतो, पाहुणा नको म्हणतो, तो परत आग्रह करतो, असं दोन-तीनदा झाल्यावर मग घ्यायचं, ही दोघांनाही माहीत असलेली रीत आहे. हीच सवय घेऊन जर्मनीत गेलात आणि नम्रपणे एकदा 'नको, थँक्यू' म्हणालात तर भांडं पुढच्या माणसाकडे सरकतं आणि तुम्ही बसता उपाशी! तिथं नको म्हणजे नको, हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणायचं. इथिओपियात याच्याही पुढचं, कुणीतरी इंजेराचा (तिथल्या मऊ, आंबवलेल्या पोळीचा) घास करून थेट तुमच्या तोंडाशी आणतं, त्याला गुर्शा म्हणतात आणि ते प्रेमाचं लक्षण आहे, त्यामुळे लाजून तोंड फिरवू नका. घास मोठाच असतो, तोंड नीट उघडा.

चॉपस्टिक्सवाले सगळे देश एकच समजणं

ही चूक इतकी कॉमन आहे की काही विचारू नका. जपानमध्ये भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेऊन खातात, कोरियात मात्र वाटी टेबलावरच ठेवायची, भात आणि सूप चमच्याने खायचं, चॉपस्टिक्स बाकीच्या पदार्थांसाठी. आणि थायलंडमध्ये भाताबरोबर चॉपस्टिक्स मागितल्यात तर वेटर गोंधळतो, कारण तिथं उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा, काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात, काटा सहसा तोंडात जात नाही. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्सपुरत्या.

जपानमधल्या दोन गोष्टी मात्र खरंच जपा, कारण त्यांचा संबंध अंत्यविधीशी आहे. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, मृताला भात ठेवताना तशा ठेवतात. आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही, दहनानंतर घरचे लोक अस्थी अशाच हातोहात गोळा करतात. कुणाला काही द्यायचं असेल तर त्याच्या प्लेटमध्ये ठेवा. चॉपस्टिक्स ठेवायला छोटं स्टँड असतं, त्याच्यावर आडव्या ठेवल्या की झालं.

आवाजाचं पण सांगून टाकतो. जपानमध्ये नूडल्स सुरकन ओढल्या तर चालतं, पण म्हणून सगळंच आवाज करत खायचं असा अर्थ होत नाही, आणि टेबलावर जोरात नाक शिंकरलं तर तिथं लोकांना किळस येते. आणि तो चीनमध्ये ढेकर दिला की यजमान खूश होतो वाला सल्ला, जो जिथं तिथं कॉपी-पेस्ट झालेला दिसतो, तो कृपया वापरू नका, आजच्या शहरी टेबलावर तो नुसता ढेकरच वाटेल.

हात, काटे, सुऱ्या

फ्रान्समध्ये मनगटं टेबलाच्या कडेवर दिसली पाहिजेत, अमेरिकेत मोकळा हात मांडीवर ठेवतात. फ्रान्समध्ये ब्रेड प्लेटमध्ये न ठेवता शेजारी टेबलावरच ठेवला तरी चालतो, त्याला बघून दचकू नका. अरब देशांत किंवा इथिओपियात हाताने खाताना उजवा हात वापरायचा, डावखुरे असाल तर आधीच सांगून टाका. युरोपात सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी समांतर ठेवला की वेटर समजतो झालं आणि प्लेट उचलतो, मग अर्धं जेवण गेलं म्हणून हळहळू नका. थांबला असाल तर दोन्ही एकमेकांपासून वेगळे, तिरके ठेवा.

पहिला घोट

ग्लास हातात आला की लगेच तोंडाला लावणं ही घाई बऱ्याच ठिकाणी नडते. कोरियात आधी ज्येष्ठ माणूस सुरू करतो, त्याच्याकडून ग्लास दोन्ही हातांनी घ्यायचा आणि त्याच्यासमोर पिताना तोंड थोडं बाजूला वळवायचं. जर्मनीत ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. जॉर्जिया देशात टेबलावर एक तमादा म्हणजे सूत्रधार असतो, टोस्ट (पिण्याआधीचे शुभेच्छांचे शब्द) तोच देतो आणि टोस्टशिवाय मध्येच वाइन पिणं बरं दिसत नाही, आणि टोस्ट लांबतात, चांगले लांबतात. हंगेरीत बिअरचे ग्लास भिडवत नाहीत, १८४९ मध्ये आराद शहरात हंगेरीच्या बंडातल्या तेरा सेनानींना मृत्युदंड दिल्यावर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास भिडवले म्हणून लोकांनी दीडशे वर्षांची शपथ घेतली असं सांगतात. ती मुदत १९९९ लाच संपली, पण कित्येक जण अजून पाळतात. दारू पीत नसाल तर ज्यूसचा ग्लास उचला, पण टेबलावर भाषण देऊ नका की मी का पीत नाही.

चूक झालीच तर

पहिलं म्हणजे माफीचा तमाशा नको. चॉपस्टिक्स उभ्या ठेवल्या गेल्या तर गपचूप काढा, छोटंसं सॉरी म्हणा आणि जेवत राहा, कारण तुम्ही पाच मिनिटं माफी मागत बसलात की यजमानाला त्याचं जेवण सोडून तुमचीच समजूत काढावी लागते. जे खात नाही ते आमंत्रण आलं त्याच वेळी सांगा, प्लेट पुढ्यात आल्यावर नाही. कुठल्या काट्याने काय खायचं कळत नसेल तर एक मिनिट थांबून यजमान काय उचलतो ते बघा, तो सुरू झाला की आपण. चॉपस्टिक्स जमत नसतील तर सरळ चमचा मागा, यात कुणाचाही अपमान नाही.

आणि बिल. चीनमध्ये बिलासाठी अक्षरशः ओढाताण होते, बोलावणारा देतो, पण तुम्ही एकदा तरी हात पुढे करायलाच हवा. जपानमध्ये टिप ठेवली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येऊ शकतो. अमेरिकेत मात्र उलट, तिथं फेडरल नियमाने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलाय (बऱ्याच राज्यांत जास्त आहे, आणि टिप धरून किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो), म्हणून बसून जेवलात तर बिलाच्या १५ ते २० टक्के टिप धरूनच ऑर्डर करा.