अटॅचमेंट उघडत नाही? ‘परत पाठवा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मेलला जोडलेली फाइल उघडली नाही की बहुतेक जण ‘परत पाठवा’ एवढंच उलट कळवतात. समोरचा तीच फाइल त्याच पद्धतीने पुन्हा पाठवतो आणि ती पुन्हा उघडत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल यांच्यात फाइली फिरताना त्या वाटेत खराब होण्याचे प्रसंग आता क्वचितच येतात. फाइल बहुधा धडधाकट पोचलेली असते. ती ज्या प्रोग्रॅमवर, फॉन्टवर किंवा सेटिंगवर अवलंबून आहे, तेच पलीकडे नसतं.

म्हणून पाठवणाऱ्याला नेमकं लक्षण सांगा. फाइल कोणत्या नावाने आली, तिचं एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) काय, आकार किती, उघडताना पडद्यावर कोणती सूचना आली, हे कळवलं की निम्मं निदान तिथेच होतं. विंडोज मुळात एक्स्टेंशन लपवून ठेवतं, तेव्हा फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून घ्या. सुरक्षेसाठीही ते हवंच. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आयलव्हयू’ व्हायरस साध्या टेक्स्ट फाइलचं सोंग घेऊन आला होता आणि खरं एक्स्टेंशन लपलेलं असल्यामुळे लोक त्याला फसले.

पीडीएफऐवजी ‘विनमेल.डॅट’ आली

ही तक्रार जुनी आहे आणि अजूनही होते. पाठवणारा विंडोजवरच्या आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारचा मेल पाठवतो. मग आउटलुक मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने एकाच गाठोड्यात बांधतं. पलीकडे अ‍ॅपल मेल किंवा थंडरबर्ड असेल तर ते गाठोडं सुटत नाही आणि समोर विनमेल.डॅट एवढंच दिसतं. पाठवणाऱ्याला हे पटवणं अवघड जातं, कारण त्याच्या ‘सेंट’मध्ये पीडीएफ व्यवस्थित दिसत असते आणि त्याच्याच ऑफिसातल्या आउटलुकवाल्यांना ती नीट मिळालेली असते.

इलाज पाठवणाऱ्याकडेच आहे. नेहमीच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन रिच टेक्स्ट मेल बाहेरच्या पत्त्यांवर जाताना एचटीएमएलमध्ये बदलण्याचा पर्याय निवडावा. तरीही एकाच व्यक्तीला त्रास होत असेल तर त्या पत्त्यापुरतं वेगळं फॉरमॅट साठवलेलं असू शकतं. पत्ता टाइप करताना खाली येणारी सूचना फुलीवर क्लिक करून काढा आणि पत्ता नव्याने पूर्ण लिहा. घाईच असेल तर विनमेल.डॅट सोडवणारे छोटे प्रोग्रॅम मॅक आणि लिनक्ससाठी मिळतात. मात्र पगारपत्रकं, करार किंवा आधारची प्रत असलेली फाइल कुठल्याशा अनोळखी वेबसाइटवर चढवून सोडवू नका.

मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या हजारो फाइली अजून छापखान्यांत, संस्थांच्या कार्यालयांत आणि लेखकांच्या संगणकांवर आहेत. या फाइलींत मराठी अक्षरांचे संकेत नसतातच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो.

इथली हमखास चूक म्हणजे सगळा मजकूर निवडून त्याला मंगल फॉन्ट लावणं. मंगल हा युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीचा, फॉन्ट आहे, त्यामुळे समोर आलेलं रोमन अक्षर तो रोमन म्हणूनच दाखवणार. दुसरी चूक म्हणजे फॉन्टची फाइल मेलने मागवणं. त्यात परवान्याचा प्रश्न येतो, आणि तोडगा निघाला तरी तो एकाच संगणकापुरता. तिसऱ्याकडे फाइल गेली की तोच घोळ पुन्हा.

नुसतं वाचायचं असेल तर जिथे तो फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ करून मागवा. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत असला पाहिजे. पण त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करायला गेलात तर पुन्हा रोमन गोंधळच हाती येईल. मजकुरावर काम करायचं असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घेण्याला पर्याय नाही. बदलल्यावर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करा, विशेषतः पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांचं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम नेमके इथेच घसरतात. अजूनही नवा मजकूर जुन्या फॉन्टात टाइप करून पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आता युनिकोडवर या. नाहीतर काही वर्षांनी तुमचं लेखन तुमच्याच नव्या संगणकावर वाचता येणार नाही.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी मॅकवर मंगल असेलच असं नाही. तिथे दुसरा देवनागरी फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळी पुढेमागे होतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. मांडणी महत्त्वाची असेल तर वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा.

सीएसव्ही फाइलची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या यादीची, गोष्ट वेगळी. सभासदांची मराठी नावं असलेली यादी विंडोजवरच्या एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की बऱ्याचदा डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ‘ए’सारखी युरोपीय अक्षरं पुन्हापुन्हा दिसतात. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं आणि एक्सेल त्या बाइटांना तीन सुटी अक्षरं समजतं. अशा वेळी काहीही सेव्ह न करता फाइल बंद करा. सेव्ह केलंत तर चांगली यादी खरोखरच नासेल. मग कोरी वर्कबुक घेऊन ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय निवडा आणि फाइल ओरिजिन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, ठेवा. पाठवणाऱ्यानेही एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा.

२५ एमबीची मर्यादा, मग २२ एमबीची फाइल का अडली?

ई-मेलची मूळ व्यवस्था साध्या इंग्रजी मजकुरासाठी आखलेली होती. १९९२ मध्ये माइम हे मानक आलं आणि मजकूर नसलेल्या फाइलीही अक्षरांच्या रूपात बदलून पाठवता येऊ लागल्या. या रूपांतरात दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी जोडायची फाइल १८ एमबीच्या आत ठेवलेली बरी. पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असू शकते. परत आलेला इंग्रजी मेल न वाचता काढून टाकू नका. त्यात ५५२ हा आकडा आणि आकाराचा उल्लेख असेल तर पुन्हा पाठवून काही होणार नाही. ड्राइव्हची लिंक द्या, पण परवानगी तपासून. समोरच्याला ‘रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस’ दिसलं की दोघांचाही दिवस वाया जातो.

नाव बदलून प्रकार बदलत नाही

आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवू शकतो. मेलमधून जाताना त्याचा अनेकदा जेपेग होतो, नेहमी होत नाही. मिळालेल्या एचईआयसीच्या पुढे ‘जेपीजी’ लिहिल्याने आतला मजकूर बदलत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेगच निघतात. मॅकच्या पेजेस फाइलचंही तसंच आहे. तिचं नाव न बदलता ‘एक्स्पोर्ट’ करून वर्ड किंवा पीडीएफ पाठवावी.

मॅकवरून आलेल्या झिपमध्ये ‘मॅकओएसएक्स’ नावाचं जास्तीचं फोल्डर दिसलं तर घाबरू नका, त्यात मॅकची स्वतःची टिपणं असतात. झिप उघडतच नसेल तर आतल्या फाइलींची नावं विचारा. मॅकवर नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजवर चालत नाही.

मेलमधूनच उघडून दुरुस्त्या करणं

आउटलुकमधली वर्ड फाइल थेट उघडून, ‘एनेबल एडिटिंग’ दाबून दोन तास काम केलं, सेव्हही केलं, आणि संध्याकाळी फाइल सापडेना. ती एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सेव्ह झालेली असते. मेल किंवा आउटलुक बंद करण्याआधी लक्षात आलं तर वर्डच्या फाइल मेन्यूत ‘ओपन’खाली अलीकडच्या फाइलींची यादी बघा, तिथून ती उघडून लगेच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा. आउटलुक बंद झाल्यावर तो फोल्डर साफ होऊ शकतो, म्हणून शोधाशोध पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नका.