पंखाला कापड चढवताना, तेही नागपूरच्या हवेत

उघड्या कॉकपिटच्या घरगुती विमानाचा सांगाडा तयार झाला, की त्यावर पॉलिएस्टरचं कापड चढवायचं. हे काम हिवाळ्यात धरा. मे महिन्यात ग्लू ब्रशवरच वाळतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे डोप (कापडावर द्यायचा, ते घट्ट आणि बंद करणारा लाखेसारखा लेप) पांढुरका पडतो आणि तो थर कमजोर राहतो.

कापडाच्या जोडाला किमान 1 इंच पदर एकमेकांवर घ्या. मग इस्त्री, म्हणजे उष्णतेने कापड आक्रसून ताठ बसतं. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर अजिबात विसंबू नका. तळाचं तापमान थर्मामीटरने मोजा आणि चकतीवर खूण करा. पहिला हात 121 अंश सेल्सिअसला, शेवटचा 177 ला. त्याच्या फार पुढे गेलात तर कापड सैल पडतं आणि पुन्हा ताण धरत नाही. एकाच बाजूने ओढत नेऊ नका. वरून-खालून आलटून-पालटून फिरवा, नाहीतर नाजूक रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) वाकतात, पंखाची मागची कड पीळ खाते आणि विमान एका अंगाला कलत राहतं.

रंग पातळच द्या. शेपटीवरचा जास्तीचा थर गुरुत्वमध्य मागे नेतो, म्हणून रंगानंतर विमान पुन्हा तोला.

आता उड्डाण. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक नियामकाची) परवानगी हाती हवीच, पण उन्हाचंही ऐकावं लागतं. नागपूर विमानतळाची उंची सुमारे 1,030 फूट. 45 अंशांच्या दुपारी तीच हवा तापून विरळ होते आणि विमानाला जवळपास 4,900 फुटांवरची वाटते. साधं इंजिन सुमारे 15 टक्के ताकद गमावतं, धाव लांबते, चढण मंदावते. पहाटेच निघा. आणि हो, फिरणारा पंखा (प्रोपेलर) मागे असेल तर गळ्यातला दुपट्टा घरीच, तो त्यात अडकू शकतो.