जुन्या कारखान्याची दूषित जमीन साफ करताना या चुका टाळा

कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात, शेड उतरते आणि जागा मोकळी दिसू लागते. मग घाई सुरू होते: वरची दोन फूट माती काढा, बाहेरची चांगली माती टाका, जागा वापरायला द्या. पण विष बहुतेकदा खाली उतरलेलं असतं आणि ते कुठल्या दिशेने गेलंय हे वरून कळत नाही.

इतिहास न पाहता खोदाई

आधी कागद काढा. कुठल्या शेडमध्ये काय बनत होतं, टाक्या कुठे पुरल्या होत्या, सांडपाण्याचे पाइप कुठून जात होते, ड्रम कुठे रचले जायचे. जुने नकाशे आणि विमानातून घेतलेले फोटो बघा, आणि तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना जागेवर नेऊन विचारा. "इथे मागच्या भिंतीपाशी ओतायचो" हे वाक्य कुठल्याच नकाशावर नसतं.

आणि मिळालेली माहिती पुढच्या माणसापर्यंत पोहोचू द्या. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलमध्ये हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जागा अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली. खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता. तरीही तिथे शाळा झाली, शेजारी घरं झाली, बांधकामात कचऱ्यावरचा चिकणमातीचा थर फुटला. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. माहिती कागदावर होती, तिचा मान कोणी राखला नाही. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

नमुने एकत्र कालवणं

खर्च वाचवायला दहा ठिकाणची माती एकत्र करून एकच चाचणी केली जाते. एका ठिकाणी किलोमागे १,००० मिलिग्रॅम शिसं असेल आणि बाकी नऊ ठिकाणी जवळजवळ नसेल, तर अहवालात १०० येईल. घातक जागा सरासरीत लपली! संशयाच्या जागांचे नमुने वेगळेच ठेवा. उडून जाणारी रसायनं शोधत असाल तर माती पिशवीत भरून उन्हात ठेवू नका. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निम्मा पुरावा हवेत गेलेला असतो. घट्ट बंद होणारी बाटली आणि बर्फाची पेटी हवीच.

"पाणी स्वच्छ झालं" असं लवकर म्हणणं

सगळ्यात जास्त पैसा आणि वर्षं इथेच वाया जातात. पेट्रोल, डिझेल पाण्यावर तरंगतं. धातूवरचं ग्रीस धुवायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन मात्र पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतं. ते भूजलातून खाली बुडत जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. निरीक्षण विहिरीची (भूजलाचे नमुने घ्यायला खोदलेल्या बोअरची) पाणी आत घेणारी जाळी वरच्या थरात असेल तर अहवाल स्वच्छ येतो आणि खाली डबकं तसंच राहतं. उलट घाईत तो चिकणमातीचा थरच बोअरने भेदला, तर आपणच विषाला खालच्या पाण्यात उतरायला वाट करून देतो.

प्रमाण लक्षात घ्या. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या रसायनाची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

म्हणून पंपाने पाणी उपसून शुद्ध करताना आकडे खाली आले, पंप बंद केला आणि काही महिन्यांत ते पुन्हा चढले, तर यंत्राला दोष देऊ नका. चिकणमातीत मुरलेलं रसायन हळूहळू परत पाण्यात येतंय किंवा मूळ साठा अजून तिथेच आहे. पंप बंद ठेवून, भूजलाची पातळी चढताना आणि उतरतानाही मोजा. आकडे तेव्हाही खाली राहिले तरच पुढचं बोला.

एकाचा इलाज, दुसऱ्याचा अपाय

ट्रायक्लोरोइथिलीनसारखं सॉल्व्हंट (ग्रीस विरघळवणारं रसायन) तोडायला जमिनीत परमँगनेट हे ऑक्सिडीकरण करणारं रसायन सोडलं आणि तिथे आधी इलेक्ट्रोप्लेटिंग, म्हणजे क्रोमियमसारख्या धातूचा मुलामा द्यायचं काम, होत असेल, तर मातीतलं तुलनेने निरुपद्रवी क्रोमियम विषारी हेक्झाव्हॅलंट रूपात जाऊ शकतं. उलट जिवाणूंना खाद्य देऊन सॉल्व्हंट तोडायचं ठरवलं आणि योग्य जिवाणू नसतील, तर प्रक्रिया अर्ध्यावर अडकते आणि कर्करोगकारक व्हिनाइल क्लोराइड साचतं. ट्रायक्लोरोइथिलीन घटलं म्हणून खूश होण्याआधी ते कशात बदललं तेही तपासा. पूर्ण जागेवर सोडण्याआधी छोट्या तुकड्यावर करून बघा.

वरून काँक्रीट ओतणं

काँक्रीटने धूळ आणि पावसाचं पाणी अडतं, वाफा नाही. वाफा फटींतून आणि पाइपांच्या भोकांतून वरच्या खोल्यांत शिरतात. इमारत बांधायचीच असेल तर फरशीखालची हवा पंख्याने ओढून छपराबाहेर सोडायची सोय पायाभरणीतच करा.

पुरलेली टाकी रिकामी आहे म्हणून लगेच गॅस कटर लावू नका. उरलेल्या वाफांचा स्फोट होतो. आत आधी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरा, वायूमापकाने मोजा, मगच कापा.

भरावासाठी येणाऱ्या मातीचीही चाचणी करा. ती दुसऱ्या एखाद्या कारखान्याची असू शकते. काम संपल्यावर निरीक्षण विहिरींवर नुसतं झाकण ठेवू नका. तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरा, नाहीतर प्रत्येक विहीर वरची घाण खाली नेणारी नळी बनते.