जपानच्या खेड्यात मुक्काम: आधी जेवणाचं ठरवा, मग तिकिटं काढा

नोकरीच्या निमित्तानं सहा वर्षं नागोयात होते. त्या काळात पुण्याहून जे जे पाहुणे आले, त्यांना किसो खोऱ्यात फिरवून आणायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे आजही कुणी फोन करून "जपानच्या खेड्यात जायचंय, काय काय बघू?" असं विचारलं, की मी आधी विचारते, "मासे खाता का?"

प्रश्न उद्धट वाटतो, पण गाडी तिथेच अडते. नमस्काराला किती वाकायचं, चॉपस्टिक भातात उभ्या का खोचायच्या नाहीत, हे शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. (मृतापुढे ठेवलेल्या भातात तशा खोचतात. आपल्याकडे पिंडाचा भात, तिथे हा.) परदेशी माणूस चुकीचा वाकला म्हणून कुणी रागावल्याचं मी पाहिलेलं नाही. जेवणाच्या ताटावरून रडकुंडीला आलेली घरं मात्र पाहिली आहेत, आणि त्यातल्या एका वेळी चूक माझीच होती.

कुठे आणि कधी

पहिल्यांदा जात असाल तर किसो. नागोयाहून शिनानो एक्स्प्रेसनं पाऊणएक तासात नाकात्सुगावा, तिथून बसनं अर्ध्या तासात मागोमे. पुढे जुन्या नाकासेंदो रस्त्यानं चालत त्सुमागो, साधारण आठ किलोमीटर. चालायचं मागोमेकडून. त्सुमागो खाली आहे, उलट निघालात तर चढ दमवतो. अस्वलं दूर राहावीत म्हणून वाटेवर घंटा टांगलेल्या आहेत, त्या लाजू नका, वाजवा.

शिराकावा-गो हे गाव १९९५ पासून जागतिक वारशात आहे आणि दुपारी तिथे बसगाड्यांतून जत्रा उतरते. तशीच उतरत्या गवती छपरांची घरं बघायची असतील, तर शेजारच्या गोकायामात राहा.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांचा सण आणि नवीन वर्षाचे दिवस टाळा. मोठी बॅग नागोयाच्या हॉटेलात ठेवा किंवा कुरिअरनं पुढच्या शहरात पाठवा. दगडी चढावर चाकांची बॅग ओढणारा माणूस मला बघवत नाही.

बस

मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर त्या क्रमांकाखालचं भाडं थांब्यागणिक वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. सुट्टे नसतील तर बस थांबलेली असताना पेटीशेजारच्या यंत्रातून १,००० येनची नोट मोडून घ्या. १०,००० ची नोट तिथे मोडत नाही, आणि सगळी बस तुमची वाट बघत बसते. एका डब्याच्या लोकल गाडीतही साधारण हीच पद्धत. शहरातलं प्रवासाचं कार्ड इथे चालेलच असं धरू नका.

शेवटची बस दुपारी चार-पाचला सुटून गेलेली असू शकते. परतीचं वेळापत्रक उतरल्या उतरल्या थांब्यावरच फोटो काढून घ्या.

जेवण

आता मुद्द्याचं. खेड्यात उतरायचं ते मिन्शुकुत, म्हणजे घरगुती खाणावळवजा मुक्कामाच्या घरात. भाड्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. माणशी १०,००० येन तरी धरून चाला, आणि रोख जवळ ठेवा. हे हॉटेल नव्हे. घरातलीच एक-दोन माणसं तुमच्या संख्येनं मासे आणतात, रानभाजी निवडतात, आणि सहाच्या सुमारास सगळ्यांची पानं एकदम मांडतात. दुसरा मेन्यू नसतो. गावात दुसरं हॉटेलही बहुधा उघडं नसतं, कारण दिवसाचे पर्यटक पाचपर्यंत गेलेले असतात.

मी पहिल्यांदा बुकिंगमध्ये इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, "व्हेजिटेरियन". उत्तर आलं, हो. माझ्याबरोबर आत्या होती, तिनं जन्मात अंडंही खाल्लेलं नाही. पानावर काय, तर मीठ लावून काटकीवर भाजलेला अख्खा इवाना मासा, कोळंबी घातलेला अंड्याचा वाफवलेला कस्टर्ड, आणि भाजलेल्या वांग्यावर पेन्सिलीच्या सालपटांसारखे पातळ तपकिरी काप. वांग्याच्या वाफेनं ते काप हलत होते. "अगं, हे जिवंत आहे!" आत्या मागेच सरकली. ते कात्सुओबुशी, वाळवून किसलेला मासा. घरच्या आजींनी आमच्यासाठी खरोखरच मांस वगळलं होतं. त्यांच्या बोलण्यात "निकु" म्हणजे मांस, मासा त्यात येत नाही. त्या दारात गुडघ्यांवर बसून माफी मागत राहिल्या, आत्या कोरडा भात चिवडत राहिली, आणि दोघींच्या मधे मी.

तेव्हा "शाकाहारी" हा शब्द विसरा. काय चालत नाही त्याची यादी द्या आणि काय चालतं त्याचीही. जपानीत ती अशी:

निकु, साकाना, एबी, काई वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु. कोम्बु तो शीताके नो दाशी वा दाइजोबु देसु.

म्हणजे मांस, मासे, कोळंबी, शिंपले खात नाही. कात्सुओ माशाचं दाशीही (शिजवायचं मूळ पाणी) नको. कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शीताकेचं (अळंबी) चालेल. अंडं आणि दूध खात असाल तर "तामागो तो ग्युन्यु वा दाइजोबु देसु" जोडा. भाषांतराच्या अॅपमधून जपानी लिपीत उतरवून बुकिंगच्या वेळीच पाठवा आणि आठवडाभर आधी पुन्हा एकदा. उत्तरात दाशीचा उल्लेख नसेल तर त्यांनी तो वाचलेला नाही असं समजा.

दाशी म्हणजे त्यांचं मूळ पाणी, ज्यात सगळं शिजतं. मिसो सूप, उकडलेल्या पालेभाज्या, सोबा नूडल्स बुडवायचा रस, तेंपुरा या भज्यांबरोबरची वाटी, सगळीकडे ते असतं आणि बहुतेक वेळा माशाचं असतं. "वरचे मासे बाजूला काढून खा" हा सल्ला देणाऱ्यांनी आपल्या आत्याला घेऊन जाऊन दाखवावं.

इथे माझं मत ठाम आहे. घरी गुपचूप सुरमई हाणणाऱ्यांनी तिथे जाऊन सोयीपुरतं शाकाहारी होऊ नये. दाशी चालत असेल तर तसं स्पष्ट लिहा, बरीच दारं उघडतात. चालत नसेल आणि घरानं "जमणार नाही" कळवलं, तर आभार मानून दुसरं घर शोधा. आग्रह करू नका. तो नकार प्रामाणिक असतो. आणि एकदा चालेल म्हणालात की पानात टाकायचं नाही.

कडक शाकाहारी मंडळींना मी किसोत नेतच नाही, कोयासानला पाठवते. इसवी सन ८१६ मध्ये कुकाई या बौद्ध भिक्षूनं वसवलेल्या या डोंगरावर पन्नासेक मंदिरांत राहता येतं, आणि तिथलं शोजिन, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण कोम्बु-शीताकेच्या दाशीवरच होतं. कांदा-लसूणही नसतो. कंदमुळं मात्र असतात, तेव्हा जैन मित्रांनी तेही आधी कळवावं.

सोबतचे डबे? प्रवासात खुशाल खा, पण मिन्शुकुच्या पानावर न विचारता बरणी उघडू नका. मी एकदा विचारून मेतकूट काढलं. आजींनी चिमूटभर तळहातावर घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "किनाको?" किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. फार दूर नव्हत्या. मग त्यांनीही भातावर घेतलं.

उशीर होत असेल तर फोन करा, पाच वाजायच्या आत. बोलता येत नसेल तर पर्यटन कार्यालयातल्या माणसाला करायला सांगा, ते करतात. त्या दिवशी येणं रद्द झालं तरी जेवणाचे पैसे द्यायचे. मासे आणलेले असतात.

घर आणि न्हाणीघर

बूट दाराशी, चपला फक्त लाकडी जमिनीवर, ततामीवर (गवती चटईवर) अनवाणी किंवा मोज्यांनी. संडासाच्या चपला संडासातच राहतात. खोलीतल्या चित्र आणि फुलदाणी मांडलेल्या कोनाड्यात बॅग ठेवू नका, ते जवळपास देवघर आहे असं समजा.

न्हाणीघरात आधी स्टुलावर बसून साबण लावून, स्वच्छ धुऊन घ्यायचं, मग टबात उतरायचं. टबात साबण नाही, छोटा टॉवेलही नाही. तेच पाणी सगळ्या घरासाठी असतं. आमच्या आत्यानं आपलं झाल्यावर नीटनेटकेपणानं बूच काढून टब रिकामा केला आणि वर घासूनही ठेवला. मागे चार माणसं रांगेत होती. बूच काढायचं नाही, झाकण परत लावायचं.

किसोत टब लाकडी मिळाला तर बोट फिरवून बघा. हिनोकि किंवा सावारा असेल. एदो काळात (१६०३ ते १८६८) इथे ही झाडं तोडायला बंदी होती, "एक झाड, एक मुंडकं" अशी म्हणच आहे.

गावात

भाताच्या बांधावर फोटोसाठी चढू नका. हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, शहरातल्याला लागतं. घरांच्या अंगणात डोकावायचं नाही, त्सुमागोतल्या बऱ्याच घरांत अजून माणसं राहतात. कचरा खिशात, शहरापर्यंत. टिप नाही. हात रिकामे जायला नको वाटत असेल तर चिक्कीचं एक पाकीट द्या.

संध्याकाळी गावातल्या कर्ण्यावर अचानक धून वाजली तर दचकू नका, पाच वाजलेत एवढंच.

आणि रस्त्याकडेला माणसाविना भाजीची मांडणी दिसेल. चार काकड्या, एक मुळा, बाजूला डबा, पाटीवर १०० येन. नाणं टाका आणि घ्या. सुट्टं नसेल तर काकडी राहू द्या.