पदकाचा ठसा: अठराव्या शतकातली पद्धत

नमुना म्हणून फ्रेंच पदक-खोदकार ऑगुस्तँ द्युप्रेचं ‘लिबर्टास अमेरिकाना’ घ्या. बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवरून 1783 मध्ये पॅरिसला झालेलं पदक, व्यास सुमारे 48 मिमी.

त्यावरचा स्वातंत्र्यदेवतेचा एवढा खोल चेहरा थेट ठशात (चकतीवर छाप उठवणाऱ्या पोलादी साच्यात) उलटा कोरत बसू नये. नरम पोलादाच्या पंचावर (छाप उमटवायच्या दांड्यावर) तो सुलटा, उठावात कोरा, पंचाला पाणी द्या, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करा, आणि मग ज्याचा ठसा होणार त्या नरम ठोकळ्यात दाबा. एका दाबात खोली येत नाही. दाबलं की पोलाद ताठरतं, म्हणून प्रत्येक वेळी ठोकळा लाल करून राखेत सावकाश निवू द्या. पंच पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तरी नाकाला दोन कडा येतात. उडते केस, पापणी ही बारीक कामं नंतर कोरणीने, मधूनमधून मेणावर छाप घेत.

अक्षरांना वेगळे पंच. ‘LIBERTAS AMERICANA’ या ओळीत 17 अक्षरं, पण पंच 11 पुरतात. ‘A’ चार वेळा ठोकायचा. हे पंच सुलटे असतात (छापखान्याच्या खिळ्यांचे पंच उलटे, इथे गल्लत होते), फक्त ठशावर ओळ उजवीकडून डावीकडे लावायची. आधी कंपासने वर्तुळ आखा. शिवराई नाण्यावर ठसा कोऱ्या चकतीपेक्षा मोठा पडून अक्षरं तुटलेली चालून गेली, पदकावर चालत नाहीत.

पाणी देण्याआधी शिशाच्या चकतीवर छाप घ्या. दुरुस्तीची संधी इथेच संपते.

आता ठसा कोळशाच्या भुकटीत बुजवून, लोखंडी डब्यात बंद करून लाल करा. उघड्या आगीत पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि वरचा थर मऊच राहतो. पाण्यात बुडवून हलवत राहा. तडा जातो तो बहुधा इथेच, अक्षराच्या टोकदार तळातून. लगेच एक जागा घासून चकचकीत करा आणि गवती पिवळा रंग चढेपर्यंत मंद तापवा. निळा चढला तर ठसा मऊ पडून मधोमध खचेल.

स्क्रू प्रेसवर (स्क्रू फिरवून घाव देणाऱ्या यंत्रावर) उंच उठाव एका घावात भरत नाही. चकती काढा, तापवून नरम करा, मळी साफ करा, पुन्हा त्याच खाचेत नीट बसवून घाव द्या. कपाळ आणि गालाचा उंचवटा सगळ्यात शेवटी भरतो. तिथे चकतीची मूळ खरखर दिसत असेल तर अजून एक घाव हवा.